रोजचा शनिवार

भिजवलेल्या पोह्यांत गूळ, खोबरं नि वेलची पडली की मला बजाजनगरातली ती शनिवारची संध्याकाळ आठवते. आमच्या कारखान्यातले यहुदी फिटर काका आदल्याच दिवशी निवृत्त झाले होते. माझ्याच गल्लीत राहायचे. शनिवार त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र वार. त्या दिवशी ते पान्याला हात लावत नसत आणि त्याबदल्यात रविवारची पाळी हौसेनं करत. चांदण्या दिसल्या, शब्बाथ संपला, तसा काकूंनी देवाचे आभार मानून पोह्यांचा तो गोड मलिदा वाटला. खाता खाता मी म्हणालो, "काका, लई राबलात. आता रोजच शनिवार!" त्यांचा घास हातातच राहिला. "रोज? अरे, सहा दिवस हात काळे झाले नाय, तर शनिवारसाठी धुवायचं काय?" काकू हसल्या, "सकाळपासनं हेच चाललंय यांचं." दुसऱ्या दिवशी बघतो तर काकांच्या ओट्यावर गल्लीतले बिघडलेले पंखे नि शिलाई मशिनी जमलेल्या, अन् काका कोपरापर्यंत तेलानं माखून शीळ घालतायत. परवा मीही निवृत्त झालो. लेक म्हणाली, "बाबा, आता नुसता आराम करा." मी विचारलं, "कोणत्या दिवशी?"