पोळ्याची जोडी आणि वावरातला कॅसिनो

जुगाराचे छापे मी बरेच घातले. पण पोळा जवळ आला की मारेगाव भागातली एकच घटना आजही आठवते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी एक बाई ठाण्यात आली. म्हणाली, "साहेब, वावरातल्या खोलीत कॅसिनो सुरू हाये. माह्या नवऱ्यानं बैल लावले त आम्ही वावर कशानं वाहाव?"

मला हसू आले. गोव्यातला झगमगाट तुरीच्या वावरात कुठून येणार? पोळ्याला आमच्याकडे पत्त्यांचे डाव बसतातच आणि पोलीसही बहुधा कानाडोळा करतात. "सणाचे पत्ते आहेत, बाई," म्हणून मी तिला परत पाठवले. चूक माझीच.

दुसऱ्या दिवशी तिच्याच गावात बंदोबस्ताला होतो. वेशीवर बांधलेले पोळ्याचे तोरण तुटले, बैल आपापल्या घरी निघाले. एक सजवलेली जोडी मात्र हाकणाऱ्यालाच ओढत भलत्या दारी जाऊन थांबली. दारात तीच बाई ओवाळायच्या ताटाविना, रिकाम्या हातांनी उभी होती. हाकणारा वावरातल्या त्या खोलीचा मालक निघाला.

"जोडी कोणाची?"

"मायीच, साहेब. बजारातून घेतली."

"पावती दाखव."

तो इकडेतिकडे पाहू लागला. बाईचा नवरा मागेच उभा होता. त्याला बाजूला घेतले. दोनच प्रश्नांत तो बोलता झाला, "काल हारलो, साहेब."

छापा टाकला, पंचनामा केला, खोलीला सील ठोकले. कोर्टाच्या आदेशाने बैल तिच्या गोठ्यात परतले. मी स्वतःवर खूश होतो.

निवृत्तीनंतर वाचनात आले की इटालियन भाषेत कॅसिनो म्हणजे मुळात छोटेसे घर. तिथे लोक गाण्या-नाचाला जमत. पुढे डाव बसू लागले आणि शब्दाला जुगाराखेरीज अर्थच उरला नाही. बाई वावरातल्या खोलीला कॅसिनो म्हणाली, ते काही चूक नव्हते.

गेल्या पोळ्याला त्या वाटेने जाताना तिच्या घरी डोकावलो. पाटावर मातीचे बैल मांडले होते.

"खोली पुन्हा सुरू झाली का?"

"नाही, साहेब. आता नवरा मोबाईलात खेळते. इथंच, खाटीवर बसून. त्याच्यातच बैल इकले."

"जिंकलं कोण?"

"समोर कोनीच नसते न, साहेब."

माणूस कोणता शब्द वापरतो यापेक्षा तो किती घाबरला आहे ते पाहावे, एवढे मी या प्रकरणातून शिकलो. पण या घरावर छापा कसा घालायचा? तिने ताट उचलले आणि मातीच्या बैलांना ओवाळले.