सुनेची चार दिवसांची रजा

माझ्या सुनेच्या हातावर सगळ्या रेषा आहेत, रजेची तेवढी नाही. सात वर्षांत तिने सलग दोन दिवस सुट्टी घेतलेली मी पाहिली नव्हती. गालगुंडं झाली तेव्हासुद्धा गळ्याला मफलर गुंडाळून बाई फोनवर सूचना देत होती. माझ्या मुलाला स्वयंपाक येतो म्हणून आमचं घर चालतं, नाहीतर आम्ही तिघंही हवा खाऊन राहिलो असतो.

ती काम करते तिथे शहरभरातले अडीनडीचे फोन येतात. कुणाला रुग्णवाहिका हवी असते, कुणाच्या घरात आग लागलेली असते. फोन घेणारी माणसं वरच्या मजल्यावर बसतात. ते फोन वाहून आणणारी यंत्रं खाली एका थंडगार खोलीत उभी असतात, आणि त्यांची देखभाल सुनेकडे. ती बंद पडून चालत नाही, म्हणून तिथे प्रत्येकाला जोडीदार आहे. एका यंत्राने मान टाकली तर दुसऱ्याने त्याच क्षणी काम उचलायचं. वीजपुरवठा बिघडला तर शेजारच्याने भार घ्यायचा. मी तिला म्हणायचे, "अगं, पंख्यालासुद्धा जोडी आहे तुझ्या त्या खोलीत. तुलाच तेवढी नाही."

मला यातलं काही कळत नाही असं समजू नका. मी स्वतः छत्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी बंदरावरच्या कचेरीचा फोन जोडून दिला, तर लाइनवर सारखी खरखर. मी तक्रारवहीत रीतसर नोंद केली. लाइनमन सगळे खांब तपासून आला, दोष सापडेना. शेवटी बंदरावरचा कारकून पोट धरून हसला आणि त्याने फोनचा रिसीव्हर खिडकीबाहेर धरला. "बाई, तो समुद्र आहे!" ऑफिसात वर्षभर माझी टिंगल चालली होती. त्यानंतर तो समुद्र मी हजारदा ऐकला, पाहिला मात्र एकदाही नाही. आमच्या ह्यांना दोन तास बसमध्ये बसवलं की त्यांचं पोट ढवळायचं, त्यामुळे संसारात समुद्र राहूनच गेला. हे गेल्यावर सून म्हणाली, "आई, मी नेते तुम्हाला." तिच्या शब्दावर मी जीव टांगून बसले.

तीनदा बेत ठरला आणि तीनदा मोडला. तिसऱ्या वेळी तर आम्ही बसमध्ये बसलो होतो, मांडीवर डबा उघडला होता, आणि वादळचा फोन आला. वादळ म्हणजे तिच्या हाताखालचा तंत्रज्ञ. मुलगा गुणी, पण चालतो पळत आणि ऐकतो अर्धं. यंत्राचा तीन नंबरचा वीजपुरवठा, म्हणजे त्याला वीज देणारा खोका, बिघडला होता. सून म्हणाली, "तीन नंबरचा काढ, नवा बसव." त्याने डावीकडून एक, दोन, तीन मोजलं आणि तिसरा उपसला. पण त्या कंपनीची मोजणी शून्यापासून होती. तीन नंबरचा म्हणजे डावीकडून चौथा! बिघडलेला जागच्या जागी राहिला, धडधाकट हातात आला, उरलेल्या दोघांना भार पेलेना आणि यंत्र आडवं झालं. जोडीदाराने काम उचललं म्हणून एकही फोन तुटला नाही, पण आता सगळा डोलारा एका पायावर उभा होता. सून पुढच्या थांब्यावर उतरली. मीही उतरले. खोटं कशाला बोलू, मी घरी येऊन रडले, आणि दोन दिवस तिच्याशी तुटक वागले.

तिसऱ्या दिवशी तीच माझ्यापुढे येऊन बसली. म्हणाली, "आई, चूक वादळची नाही. चार कंपन्यांची यंत्रं आणि चार तऱ्हा. एक शून्यापासून मोजते, एक एकापासून. एकीचा हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक, दुसरीचा म्हणजे नुसती वीज आहे. हे सगळं फक्त माझ्या डोक्यात आहे."

"मग डोक्यातून काढ," मी म्हटलं. "आमच्या वेळी दूरदूरच्या एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरांनी एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नसायचं. पण विचारायची वाक्यं ठरलेली आणि उत्तरंही ठरलेली. आत फोन जोडायचा बोर्ड कसलाही असो, कुणाचं अडायचं नाही."

ती हसली. असा ठराव यंत्रांसाठीही आहे, म्हणाली. देखरेख करणाऱ्या प्रोग्रामने कुठल्याही यंत्राला एकाच भाषेत विचारायचं: तुझे भाग कोणते, ते कुठे बसलेत, कोण आजारी आहे, कोणाला काढलं तर चालेल? आणि प्रत्येक कंपनीच्या यंत्रासाठी एकेक दुभाषा प्रोग्राम लिहायचा. तो त्या यंत्राच्या घरची भाषा ठरलेल्या भाषेत आणून देतो. तिच्या साहेबांचं म्हणणं, "चालतंय ना? मग कशाला हात लावता?" पण ती हट्टाला पेटली. पुढचं वर्षभर रोजची कामं उरकून तिने एकेक दुभाषा लिहिला. मी तिला चहा देत होते आणि अर्थातच टोमणेही.

सगळं जमल्यावर एका दुपारी ती मला ऑफिसात घेऊन गेली. कोपऱ्यात सरावाचं यंत्र चालू होतं. मला पडद्यासमोर बसवून म्हणाली, "आई, तुम्हाला जमलं तर वादळला जमेल." वादळ बिचारा शेजारीच उभा होता.

पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं: सरावाचं यंत्र, वरचा कप्पा, डावीकडचा पंखा बिघडला आहे, निळा दिवा लागल्यावर काढा. मी चष्मा सावरून यंत्रापाशी गेले. दिवा लागेना. माझा हात शिवशिवत होता, वादळचा तर जास्तच. "थांब रे!" मी ओरडले. जोडीदार पंखे घोंघावायला लागले आणि मग निळा दिवा लागला. मी पंखा बाहेर ओढला. यंत्र चालूच! त्र्याहत्तराव्या वर्षी मी चालत्या यंत्राचं काळीज काढून हातात धरलं होतं. वादळने टाळ्या वाजवल्या. मी त्याला बजावलं, "मला जे कळलं ते तुला कळलं नाही, तर बघ हं."

महिन्याभराने साहेबांनी चार दिवसांची रजा मंजूर केली.

या वेळी बस मधे कुठेही सोडावी लागली नाही. समुद्राबद्दल काय सांगू? तो फोनवर वाटायचा त्यापेक्षा पुष्कळ मोठा निघाला. मी त्याच्याकडे बघत होते आणि सून फोनकडे. पहिला दिवस फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी वाळूत बसल्या बसल्या तिला राहवेना. तिनेच फोन लावला, आवाज मोठा करून.

"मॅडम, सगळं ठीक," वादळ म्हणाला. "सकाळी दहाला दोन नंबरच्या यंत्राचा पंखा गेला होता. बदलला. निळा दिवा लागल्यावरच हो! काकूंना सांगा."

"मग मला कळवलं का नाहीस?"

"त्यात कळवण्यासारखं काय होतं?"

सुनेने फोन मांडीवर ठेवला. तिचा चेहरा पडला. "आई, माझ्यावाचून चालतं तिथे," ती म्हणाली. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मला तिच्याबद्दल माया दाटून आली. तिच्या पाठीवर हात फिरवत मी म्हटलं, "माझा बोर्ड काढून नेला तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. पण तो दुसऱ्यांनी काढला गं. तू स्वतः वर्षभर राबून स्वतःला मोकळं केलंस. आता ऊठ, पाय तरी ओले कर. सात वर्षांची रजा साठलीय."

तिने नाक पुसलं, चपला हातात घेतल्या आणि पाण्याकडे गेली. फोन वाळूतच राहिला. त्यातून वादळचा आवाज आला, "मॅडम? हॅलो? लाइनवर खरखर फार आहे. काही बिघडलंय का? तपासू?"

मी फोन उचलला. तिकडे गुडघाभर पाण्यात उभी राहून सून मला हात करत होती.

"तपासू नकोस रे बाबा," मी म्हटलं, "तो समुद्र आहे." आणि फोन लाटांसमोर धरून मीही पाण्यात शिरले.