चोच धरणारा माणूस

पोन्से पार्कच्या धक्क्यावर कुणाच्या गळाला पेलिकन अडकला, की पहिली हाक एल्बर्ट पॅजेटला जायची. "एल्बर्ट, पक्षी!" एवढीच. मग तो बाकावरून उठायचा, लांब दांड्याची झोळी खांद्यावर टाकायचा आणि डुलत डुलत टोकाला जायचा.

धक्क्यावर नव्याने आलेला माणूस हमखास एक चूक करतो. एवढा थोरला पक्षी गळाला लागलेला पाहून तो घाबरतो आणि तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, कापून टाकतो. पक्षी उडून जातो. माणसाला वाटतं, सुटला बिचारा. पण तो समोरच्या खारफुटीत जाऊन बसतो, मागे लोंबणारं तंगूस फांद्यांत गुरफटतं आणि तो तिथेच लटकून उपाशी मरतो. एल्बर्टने असे सांगाडे खूप पाहिले होते. म्हणून तो लांबूनच ओरडायचा, "कापू नका! ओढा! हळू, हळू!" पक्षी जवळ आला की झोळीत घ्यायचा, काखेत दाबायचा आणि चोच धरायची. खरी गोम इथेच होती. पेलिकनच्या नाकपुड्या असून नसल्यासारख्या, तो श्वास घेतो तोंडाने. म्हणून चोच धरायची, पण मध्ये एक बोट ठेवायचं. फट राहिली पाहिजे.

हे काम त्याला कुणी दिलं नव्हतं. तरुणपणी तो याच खाडीत बोय मासा धरायचा. मग फ्लोरिडात मतदान होऊन मोठ्या जाळ्यांवर बंदी आली. त्याने होडी विकली आणि पुढे लोकांच्या बागांचं गवत कापण्यात वय घालवलं. बायको रूबी गेल्यावर तो पार्कात येऊन बसू लागला. कधीतरी एकदा झोळी हातात आली, आणि लोक पुन्हा त्याला नावाने हाक मारू लागले.

मुलगी डीना जॉर्जियात होती. दर रविवारी तिचा फोन यायचा.

"डॅडी, इथे या ना आता. मागची खोली रिकामीच आहे."

"आणि इथले पक्षी कोण बघणार?"

"पक्ष्यांना दुसरं कुणी मिळेल."

"मिळेल की. मला दुसरे पक्षी कुठून मिळणार?"

पण एक गोष्ट एल्बर्टने तिला सांगितली नव्हती. साखरेच्या आजाराने त्याची बोटं मेली होती. पानगळीच्या दिवसांत कॉफीचं गरम भांडं त्याने उघड्या हाताने उचललं, आणि फोड आल्यावरच भाजल्याचं कळलं. डीनाला हे समजलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन दारात उभी राहिली असती. पार्कातच जखमी पक्ष्यांचा छोटा दवाखाना होता. तो चालवणाऱ्या मिस मर्नाला समजलं असतं, तर झोळी गेली असती. म्हणून हात खिशात ठेवून तो गप्प राहिला.

त्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता. खाडीचं पाणी मागे हटून चिखल उघडा पडला होता, आभाळ शिशासारखं. मागच्या चक्रीवादळात मोडलेली झाडं अजून तशीच उभी होती. बाकावर एल्बर्टशेजारी त्याचा जुना जोडीदार क्लीटस नाक पुसत बसला होता. थंडीपुरते उत्तरेकडून आलेले एक पाहुणे, गॅरी नावाचे, गळ टाकून उभे होते.

"काय हो, या पार्काला ज्याचं नाव आहे तो स्पॅनिश साहेब, पोन्से, तरुण करणारा झरा शोधत होता म्हणे," गॅरींनी विचारलं. "कुठे आहे तो?"

"दुरुस्तीला बंद आहे," एल्बर्ट म्हणाला. "मला बघून कळत नाही?"

"अहो, याने आधीच पोटभर पिऊन घेतलंय," क्लीटस म्हणाला. "त्याचाच हा परिणाम."

गॅरी हसत सुटले, आणि तेवढ्यात त्यांची काठी वाकली. पाण्यावर पंख फडफडले.

"कापू नका!" एल्बर्ट उठलाच. "ओढा!"

पक्षी तरुण होता, तपकिरी मानेचा. गळ पंखात रुतला होता. एल्बर्टने त्याला काखेत घेतलं, चोच धरली आणि क्लीटसला मर्नाकडे पिटाळलं. ती पक्कड घेऊन धावत आली.

"छान धरलाय, मिस्टर एल्बर्ट. हलवू नका."

ती गळाचा काटा कापू लागली. गॅरी बाजूला अपराध्यासारखे उभे होते. त्यांना बरं वाटावं म्हणून एल्बर्ट बोलत राहिला. तो पोन्से इकडच्याच किनाऱ्यावर आला म्हणतात, इथल्या लोकांनी त्याला बाण मारला, आणि तो क्यूबात जाऊन मेला. "हवं होतं तारुण्य, मिळाला बाण. वर त्याच्याच नावाचा पार्क!" गॅरी हसले. काखेतली धडपड थांबली.

"बघा, कसा शांत झाला," एल्बर्ट अभिमानाने म्हणाला. "यांना माझा हात कळतो."

मर्नाने वर पाहिलं. "एल्बर्ट, सोडा. सोडा त्याला!"

त्याने खाली पाहिलं. चोच घट्ट मिटलेली होती. मध्ये असायला हवं ते बोट इतर बोटांसोबत बाहेरून आवळलेलं होतं. मूठ उघडली तशी पक्ष्याची मान त्याच्या मनगटावरून घसरली.

मर्नाने चोच उघडली, छातीवर बोटं दाबली, पुन्हा दाबली. मग थांबली.

"माझ्यामुळे," गॅरी पुटपुटले. "माझा गळ..."

"कुणामुळे नाही," मर्ना म्हणाली. "घाबरून मरतात कधी कधी. आत रक्तही गेलं असेल."

क्लीटस खाडीकडे बघत होता. एल्बर्टही गप्प राहिला असता तर उद्याची हाक त्यालाच आली असती. त्याला ते स्वच्छ कळत होतं.

"गळ पंखात होता, मिस मर्ना," तो म्हणाला. "त्याने पक्षी मरत नाही. माझं बोट आत नव्हतं."

"निसटलं असेल हो."

"निसटलेलं कळतं माणसाला. मला नाही कळलं."

एल्बर्ट खारफुटीकडे बघत तिच्या उत्तराची वाट पाहत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने मान वळवली, तर तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला होता आणि त्याच्या बोटाच्या टोकाला नख रुतवलं होतं. चांगलं खोल. तिचे डोळे भरले होते.

"कधीपासून?"

"पानगळीपासून."

"आणि या हाताने तुम्ही..." ती पक्षी उचलून निघाली, मग वळून म्हणाली, "झोळी क्लीटसकडे द्या."

"मला कुठे जमतंय!" क्लीटस म्हणाला. "मला कोंबडीसुद्धा चावते." कुणी हसलं नाही. त्याने झोळी घेतली.

एल्बर्ट गाडीत जाऊन बसला. फोनची बटणं त्याला बघून बघून दाबावी लागली.

"डॅडी? आज रविवार नाही. काय झालं?"

"काही नाही. तुझ्या त्या मागच्या खोलीतून पाणी दिसतं का गं?"

"नाही. शेजाऱ्यांचं गॅरेज दिसतं."

"बरं," एल्बर्ट म्हणाला. "ये मग. घेऊन जा मला."