मावशींचे तळवे

“आदी हात धर, मग बोल,” असं म्हणत मावशी टेबलावर दोन्ही तळवे आपटायच्या. सात रस्त्याजवळच्या त्वचारोगाच्या दवाखान्यात मी नर्स आहे. तळव्यांवर जाड पांढरे पापुद्रे, मध्ये भेगा, भेगांतून रक्त. सोरायसिस. मी हातमोजे घातले की त्या ट्रे उडवायच्या.

मावशी मूळच्या कानडी मुलखाला लागून असलेल्या मैंदर्गी गावच्या. इथं बायकांच्या एका गटात कडक भाकऱ्या थापायच्या. त्यांना थापताना तुम्ही पाहिलं असतं तर पिठाची कीव आली असती. हात असे झाल्यावर गटातल्या एकीनं गिऱ्हाइकांना सांगितलं, हिला महारोग आहे. मावशींनी तिच्या डोक्यात परात घातली. तिला टाके पडले आणि मावशींना गटातून काढलं. मग घरी बसून त्या दगडानं तळवे घासायच्या. भाकरी थापायला परत जायचं, याखेरीज त्यांना दुसरं काही नको होतं.

डॉक्टरांनी समजावलं, की शरीरातली काही प्रथिनं उगाचच सूज आणायचा निरोप पोचवतात, म्हणून शरीर स्वतःच्याच कातडीवर तुटून पडतं. हे इंजेक्शन तो निरोप नेणाऱ्या प्रथिनालाच अडवतं.

मावशी हसल्या. “म्हंजे चुगली करनारीलाच धरायचं की. मी काय येगळं केलं व्हतं?”

खर्च त्यांच्या पुण्यातल्या भावानं उचलला. मी पोटात सुई टोचताना त्या माझा दंड असा आवळायच्या, की वळ उठायचे. शिव्या मला कळू नयेत म्हणून कानडीत द्यायच्या, तेवढी माझी कदर होती. चौथ्या महिन्यात तळवे स्वच्छ झाले आणि गटानं त्यांना परत घेतलं.

त्या दिवशीच्या पहिल्या भाकऱ्या फडक्यात बांधून मावशी दवाखान्यात आल्या. एकीवर शेंगाचटणी घालून माझ्यापुढे धरली.

हा रोग लागत नाही, हे मी रोज दहा जणांना सांगते. तरी माझी नजर भाकरीवरून त्यांच्या बोटांवर गेली. क्षणभरच. मग मी हात पुढे केला, पण तोवर त्यांनी माझ्या कानफटात मारली होती. चष्मा बाकाखाली जाऊन पडला. पेशंट उठून उभे राहिले.

“पयली तुझ्यासाटी थापली व्हती,” मावशी म्हणाल्या.

भाकरी मात्र त्यांनी फेकली नाही. फडक्यात पुन्हा नीट बांधली आणि निघून गेल्या.

त्यांचं पुढचं इंजेक्शन आमच्या फ्रीजमध्ये पडून आहे. तळवे पुन्हा फुटले असतील, या भीतीनं मी फोन लावत राहते; माझा आवाज ऐकला की त्या कट करतात. मला स्वतःची लाज वाटते. कधी बोलल्याच, तर सांगायला एक खोटं मी तयार ठेवलंय, की मी चटणीकडे बघत होते.