कशानं, तेही लिही

टायपिंगच्या बारा मशिनी एकदम खडखडत असल्या, तरी कुणाच्या कागदावर चुकीचा शब्द उमटला की सुभेदारांना कळायचं. ते मागून येऊन मशीनवर तळहात ठेवत. खाडाखोड त्यांना एक वेळ चालायची, शब्द सैल वापरलेला चालायचा नाही. त्यातही रानटीपणाचे इंग्रजी शब्द आले की त्यांचा चेहराच बदलायचा. आम्ही मुली त्यावर मागं हसायचो. त्या हसण्याची मला पुढं लाज वाटली.

पलटणीत सव्वीस वर्षं कारकुनी करून ते निवृत्त झाले होते आणि साताऱ्यात एका किराणा दुकानाच्या माडीवर क्लास चालवत होते. माझ्यासारख्या मुली आसपासच्या गावांतून एसटीनं यायच्या. इतर क्लासांत तीच तीच अक्षरं बडवून घेत. सुभेदार वाक्यं द्यायचे. वाईल्ड हा एक शब्द आठवडाभर पुरायचा. "रानात आपसूक उगवलं ते फूल वाईल्ड. ज्याला कुणी पाळलं न्हाई ते जनावर वाईल्ड. त्यात त्या जनावराची काय चूक न्हाई." दावं तोडून भटकणारा बैल मात्र स्ट्रे, कारण त्याला घर आहे. फिअर्स, म्हणजे उग्र, कुत्र्याला म्हणता येतं, उन्हाला म्हणता येतं, आणि लढणाऱ्या जवानाला म्हटलं तर ती शाबासकी होते.

सॅव्हेज हा शब्द त्यांनी आम्हाला कधी टाईप करायला दिला नाही. एका मुलीनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "साहेब लोकांनी दुसऱ्यांसाठी ठेवलेला शब्द हाय तो. माणसाला लावला की खाली माणूस उरत न्हाई."

माणसाबद्दल त्यांचा एक नियम होता. "माणसाला वाईल्ड म्हणायचं तर कशानं झाला, ते पुढं लिहायचं. दुःखानं, रागानं, भीतीनं. इंग्रजीत तशी सोय हाय. नुसता शब्द चिकटवून माणसाला सोडायचं न्हाई."

त्या वर्षी माझा थोरला भाऊ वसंतदादा लढाईवरून रजेवर आला होता. जेवायचा, झोपायचा, बोलायचा मात्र कमी. शेजारच्या शेतात विहिरीचं काम निघालं आणि पहिला सुरुंग उडाला, तसा दादा धावत उसात शिरला. दोन दिवस बाहेर आला नाही. शेवटी चौघांनी त्याला ओढून काढला, तेव्हा तो चुलत्यांच्या हाताला कडकडून चावला. गावच्या डॉक्टरांनी पुण्याच्या लष्करी दवाखान्यासाठी इंग्रजीत चिठ्ठी लिहिली. ती मी टाईप करून आणायची होती.

मी चौथ्या ओळीवर होते तेव्हा सुभेदारांचा हात मशीनवर आला. त्या ओळीत दादाला सॅव्हेज म्हटलं होतं.

"हा कोण?"

"माझा भाऊ."

त्यांनी कागद हळूच मशीनमधून काढून घेतला. "हे वाचून तिथला माणूस पहिल्यांदा दोर आणंल, पोरी," ते म्हणाले, आणि छत्री घेऊन माझ्याबरोबर एसटीत बसले.

दादा ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. सुभेदार त्याच्यापासून थोडे लांब, जमिनीवरच बसले. त्याला काही विचारलं नाही. तासाभरानं उठून त्यांनी आईला विचारलं, "चावला कवा? धरायच्या आधी का धरल्यावर?"

"धरल्यावर, आवं," आई म्हणाली. "त्याच्या आधी नुसता थरथरत हुता."

तिथून सुभेदार चिठ्ठी घेऊन गावच्या डॉक्टरांकडं गेले आणि तो शब्द दाखवला. डॉक्टरांना ते आवडलं नाही. "तुम्ही मला इंग्रजी शिकवणार?"

"न्हाई, डॉक्टर. मी फक्त विचारतोय, कवा चावला."

डॉक्टरांनी पहिली चिठ्ठी घडी करून बाजूला ठेवली. मग त्यांनी नवा कागद ओढला. त्यात सॅव्हेजच्या जागी वाईल्ड आलं, त्याच्यापुढं भीतीनं असं आलं, आणि सुरुंगाची हकिकतही आली. दादाला पुण्याला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरनं ते वाचून खिडकी लावून घेतली आणि त्याला विचारलं, "आवाजाचा त्रास होतो का?" लढाईवरून आल्यापासून त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. सात महिन्यांनी तो घरी आला. पूर्वीचा झाला नाही, पण शेती बघू लागला.

मी गूळ घेऊन सुभेदारांकडं गेले. त्यांनी तो घेतला नाही. "आधी ऐक, मग ठरव द्यायचा का," म्हणाले. पलटणीत असताना एका जवानाला आई गेल्याची तार उशिरा मिळाली. तोवर तिकडं सगळे विधी उरकले होते. त्यानं बराकीतली भांडीकुंडी फेकली, आवरायला गेलेल्या हवालदाराला मारलं. साहेबांनी त्याला पलटणीतून काढून घरी पाठवला आणि त्याच्या कागदावर घालायला सॅव्हेज हा शब्द सांगितला. "मला ठाऊक होतं, शब्द चुकीचा हाय. एवढंच म्हणायचं होतं, साहेब, कशानं ते लिहू का? तेवढं बी म्हटलं न्हाई. सही त्यांची, पण अक्षरं मी उठवली."

त्या जवानाचं गाव त्यांना पाठ होतं. कवठे महांकाळपासून चार कोस आत. इतकी वर्षं ते तिकडं गेले नव्हते. "तू चल," ते मला म्हणाले. "एकटा गेलो तर नाक्यावरनंच परत फिरंन."

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मेंढरांच्या वाड्याशेजारी घर होतं. जवानाचा थोरला भाऊ बाहेर आला. सुभेदारांनी आपलं नाव, पलटण सांगितली आणि जवानाची चौकशी केली.

"सा वर्सं झाली, वारला," भाऊ म्हणाला. "घरी आला तवापासनं मेंढरांमागंच गेला. बोलायचा न्हाई. बसा."

सुभेदार बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःचा भाग न वगळता. भाऊ ऐकून घेत होता. मग म्हणाला, "त्यो कागद घिऊन लय फिरला बगा. कुणी धड अर्थ सांगितला न्हाई. काय लिवलं हुतं?"

एका शब्दाच्या दहा छटा सांगणाऱ्या सुभेदारांनी या वेळी एकच सांगितली. "रानटी," ते म्हणाले.

भावानं मान खाली घातली. दारात पदर सारखा करत एक बाई उभी होती. ती जवानाची बायको.

"आन खरं काय हुतं?" तिनं विचारलं.

"आई गेली म्हणून दुःखानं बेभान झाला होता."

"ते आमाला ठावं हाय," ती म्हणाली. "पर कागदावर रानटीच हाय न्हवं? आता हे बी कागदावर द्या."

सुभेदार तेव्हा खाली बसले. मी माझ्या वहीतलं पान फाडून दिलं. त्यांनी हातानं, मराठीत लिहिलं. जवानाचं नाव, त्याच्या आईचं नाव, तार किती उशिरा आली, त्यानं काय केलं आणि कशानं केलं. खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि हुद्दा घालून सही केली. साताऱ्यात इतके कागद त्यांच्या हाताखालून गेले, पण सुभेदारांना स्वतःच्या सहीचं काही लिहिताना मी तेव्हाच पाहिलं. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले.

बाईनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि परत त्यांच्याकडं दिला. "वाचून दावा."

त्यांनी वाचलं.

"परत वाचा," ती म्हणाली, आणि घरातल्या दोन्ही लेकींना बाहेर बोलावून शेजारी बसवलं.

दुसऱ्यांदा वाचताना सुभेदारांनी मध्येच कागद मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा काढला. उरलेलं त्यांनी कागदाकडं न बघता, त्या मुलींकडं बघत, शेवटपर्यंत सांगितलं.