चुडीमावशीची नक्कल

बांगड्या भरणाऱ्या बाईवर लिहितो म्हटलं की तुम्ही सरसावून बसला असाल. आता हिरवा चुडा येईल, लाजणारी नवरी येईल, मधेच डोळे पुसायला लावणारं माहेर येईल. नवरी येईल, नाही असं नाही. लाजायचं मात्र तुमचं तुम्ही बघा. आमच्या चुडीमावशीपुढे लाजायला कुणाला वेळच मिळत नसे.

तिला माणसाचं तोंड लक्षात राहत नसे, हात राहत. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडच्या आमच्या वांकिडीच्या आठवडी बाजारात मी पुढ्यात उभा राहून दात काढले तरी ती म्हणायची, "कोन रे तू?" आणि लांबून जाणाऱ्या बाईला हाक मारायची, "ओ दोन-सहा! पोराचं बारसं झालं का वं?" दोन-सहा हे बांगडीचं माप. मराठी शेतकऱ्यांच्या बाया, तेलुगू मास्तरांच्या बायका, गोंड पाड्यांवरच्या पोरी, दंडापर्यंत पांढऱ्या चुड्या घालणाऱ्या तांड्यावरच्या लमाण बाया, सगळ्यांचे हात तिच्या हातांतून गेलेले. तेलुगू बाया तिला गाजुलम्मा, म्हणजे बांगड्यावाली अम्मा, म्हणत. मावशी चार भाषा बोलायची आणि चारही चुकीच्या बोलायची.

बसायची तीही उकिडवी, जसं काही आत्ता एसटी सुटते. समोरचीचा हात धरायचा, बोटांची हाडं चेपायची आणि ओरडायचं, "हात ढिला सोड वं, मी का लढाई करून राह्यली?" तोवर डझन भरलेला असायचा. एखादी बांगडी फुटून काच लागलीच तर पदराने रक्त टिपून ती पुढच्या घरी. हे सगळं मला तोंडपाठ होतं. मी इंटरला, म्हणजे बारावीला, दुसऱ्यांदा बसलो होतो आणि नकला सोडून मला काही येत नव्हतं. मावशीची नक्कल केली की आख्खी गल्ली हसायची. मावशीही हसायची, पण चालता चालता.

मग एका वर्षी ती हसेना. आमच्या ओसरीवर आईला म्हणाली, "बाई, दोन-सहाचे हात दोन-चारवर येऊन राह्यले. उपास नाही, बाळंतपण नाही. काऊन?" आधी एक तेलुगू बाई. तिचा नवरा मुंबईला कामाला. मग तांड्यावरची एक. मग एक गोंड पोरगी, जिचा माणूस ठेकेदाराबरोबर रस्त्याच्या कामावर गावोगाव फिरायचा. आणि मग आमच्या शेजारच्या विमलवहिनी. त्यांचा नवरा नागपूर-हैदराबाद लॉरी चालवायचा. वर्षभर खोकून खोकून तो वैशाखात गेला होता.

विमलवहिनींना दवाखान्यात कुणी नेईना, तेव्हा मावशीनेच नेलं. तिथल्या सिस्टरने रक्त तपासलं आणि एड्सचं नाव सांगितलं. आधीच्या तिघींचंही तेच निघालं होतं. मावशीने तिथेही बसून घेतलं नाही. उभ्या उभ्या दहा प्रश्न विचारले. हात लावल्यानं होते का? नाही. एका ताटात जेवल्यानं? नाही. माह्या चुड्यायनं? नाही. मग यांना कुठून झाला? नवऱ्याकडून, सिस्टर म्हणाली.

गावात मात्र ज्याचं त्याचं वेगळंच. आमची गल्ली म्हणे, हा रोग तांड्यावरून आला. तांडा म्हणे, शहरातल्या लोकांनी आणला. तेलुगू मंडळी महाराष्ट्राकडे बोट दाखवत, आणि गोंड म्हातारे म्हणत, डांबरी रस्ता आला तसा आला. मावशी हे ऐकून चिडायची. "चौघीयची जात येगळी, बोली येगळी, देव येगळा. चौघीयनं एकच गोष्ट केली. लगन!"

त्यानंतर तिने विमलवहिनींच्या जावेचा, लताचा पिच्छा धरला. लताचं लग्न होऊन वर्ष झालेलं, आणि तिचा नवराही लॉरीवरच. चुड्या भरायच्या निमित्ताने मावशी रोज तिच्या दारात. "तो आला का सांग त्याले. पयले रक्त तपास, तवरक मी माह्या मायजवळ रायतो." लता आधी कानांवर हात ठेवायची. मग रडायला लागली. शेवटी म्हणाली, "दसऱ्याले येतीन ते. सांगतो मी. पर मावशी, तू संग राय." मावशीने हे आईला सांगितलं तेव्हा मी खांबाला टेकून ऐकत होतो. म्हणजे मला माहीत होतं.

नवरात्रात आमच्या गल्लीत शारदेची मूर्ती बसायची आणि संध्याकाळी पोरांचे कार्यक्रम व्हायचे. मला नवीन काहीतरी पाहिजे होतं. मी आईचं लुगडं गुंडाळलं, डोक्यावर टोपली घेतली आणि चुडीमावशी झालो. एका बाईच्या हातात चुडी फोडली, रक्त पदराला पुसलं, तोच पदर दुसरीच्या हाताला. मग दवाखान्यातली सिस्टर झालो. "काय गं, तुला कुठून झालं?" तेलुगू बाई झालो, "गाजुलम्मा!" लमाण बाई झालो, गोंड पोरगी झालो, आमच्या गल्लीतली काकू झालो. चौघी चार आवाजांत एकच बोट दाखवतात, चुडीमावशीकडे! मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. सगळ्यात जास्त हसले ते मागे उभे असलेले गडी. लॉरीवाल्यांनी तर शिट्ट्या मारल्या. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, मावशी गल्लीत आली तर पहिलं दार लागलं. मग दुसरं. विमलवहिनींची सासू ओट्यावर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माहा पोरगा तसा नवताच. या चुडीवालीनंच घरात आणलं." विमलवहिनी आत चुलीपुढे बसून होत्या. लता दारात आली. मनगटं मोकळी, चुड्या काढून ठेवलेल्या. म्हणाली, "मावशी, तू आता येत नोको जाऊ. मी तुह्या हातानं भरतच नाही, मंग मले काय होते?"

मावशी तिथून सरळ आमच्या अंगणात आली. मी दात घासत होतो. मी म्हटलं, "मावशी, गंमत होती वं ते."

आई मध्ये पडली, "लेकरू हाये, जाऊ द्या."

"लेकरू? मिशा फुटल्या त्याले!" मावशीने टोपली खाली आपटली. आतल्या किती फुटल्या, तिने पाहिलंही नाही. "माह्यावर हसला, हास. माहा धंदा गेला, जाऊ दे, मी आसिफाबादच्या बाजारात जाऊन भरीन चुड्या. पर तू गड्यायले सोडवलं रे! सिस्टरचा गळा कोरडा पडला सांगून सांगून, मी पाय झिजवले, अन् तू येका संध्याकाळी साऱ्यायले धुवून काढलं. आता बाया मले भेतीन, नवऱ्याले नाही भेनार. ते लता, काल पावतर माहेरी जाऊ म्हने. आज तिचा नवरा येऊन राह्यला. ते न्हाली, वेणी घातली, पुरणाले बसली हाये. काहीच भेव नाही तिले आता. तुह्या भरोशावर!"