पडद्याच्या मागून पाहिलेली फिल्म

संग्रहालयाच्या कार्यक्रमाला माणसं आली नाहीत की सरांपेक्षा मलाच जास्त चुटपुट लागत असे. खुर्च्या मीच मांडलेल्या असायच्या. फाटकाजवळच्या फळ्यावर खडूनं मीच लिहिलेलं असायचं: आज सायंकाळी व्याख्यान, प्रवेश सर्वांस मोफत. व्याख्यान सुरू व्हायची वेळ झाली की मी रस्त्यावर जाऊन पाहून येई, परत आत येई, पुन्हा बाहेर जाई. यायचे ते तेच सातजण. दोन वकील, एक डॉक्टर, रिटायर झालेले हेडमास्तर आणि आणखी तिघे. आमचा म्हातारा शिपाई दाराशी उभा राहून म्हणायचा, "सात झाले. हेडमास्तर झोपले का सहा."

बुलढाण्यात कोर्टाच्या मागच्या रस्त्यावर एका वकिलांचा बंगला होता. ते वारले तेव्हा बंगला आणि त्यांनी जमवलेली चित्रं गावासाठी ठेवून गेले. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, जिल्ह्याच्या ठिकाणी काही ना काही नवं निघत होतं, तसं तिथं कलासंग्रहालय निघालं. ते सांभाळायला पुण्याकडचे एक सर आले. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. बोर्डिंगात राहायचो आणि दुपारनंतर संग्रहालयात पडेल ते काम करायचो. आमच्या घरात सातवीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. चित्रातलं मला काही कळत होतं असं नाही, पण कळावं असं फार वाटायचं.

सर चांगले होते. कधी रागावले नाहीत. फक्त माझ्या तोंडून "मले वाटते" असं निघून गेलं की ते हसायचे आणि "मला वाटतं" असं हळूच म्हणायचे. त्यांच्या मनात वाईट काही नसे. पण त्या हसण्यामुळं मी बोलण्याआधी प्रत्येक वाक्य मनात एकदा म्हणून पाहायला लागलो होतो, आणि तेवढ्यात बोलायची वेळ निघून जायची.

एकदा पुण्याहून एक व्याख्यात्या बाई येणार असं ठरलं. त्या सोबत फिल्म आणणार होत्या. खेड्यातली एक बाई घराच्या भिंतीवर चित्रं काढते, त्याची फिल्म. पुण्याच्या पाहुण्यांसमोर सात माणसं म्हणजे शोभा होणार, या काळजीनं सर खोलीत फेऱ्या घालत होते.

"लोकांना आवडच नाही रे," ते म्हणाले.

मी वाक्य मनात म्हणून पाहिलं आणि बोललो. "सर, बाजाराच्या दिवशी दुपारी ठेवलं तर? खेड्यातले लोक त्या दिवशी गावात येतातच."

"बाजाराच्या दिवशी व्याख्यान?" सर मोठ्यानं हसले. मग थांबले. म्हणाले, "ठीक आहे. लोक आणायची जबाबदारी तुझी. आणि शेवटी आभार तूच मान. सवय होईल."

मी आजवर चारचौघांत उभा राहून बोललो नव्हतो.

आमचं गाव चिखलीच्या रस्त्याला, बसनं तासाभरावर. आमच्याकडच्या बाया वांगी, मेथी, मिरच्या घेऊन बाजाराला येतात. आईही येते. घरी आम्ही तिला माय म्हणतो. मी त्या आठवड्यात घरी गेलो आणि सांगितलं की माल संपला की सगळ्यांनी संग्रहालयात या, फिल्म आहे.

"शिनेमा हाय का?" मायनं विचारलं.

"शिनेमा नाही. एक बाई भिंतीवर चित्र काढते, ते दाखवणार आहेत."

"ते तं आमी दिवाईले रोजच काढतो. त्याले काय पाहाचं?"

"ये तं खरं. पुन्याच्या बाई येऊन राह्यल्या."

ती यायला कबूल झाली. मग निघताना, पिशवी खांद्याला लावता लावता मी म्हणालो, "माय, तिथं मले हाक नोको मारू. मी कामात असतो."

ती चुलीपुढं बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, "बरं."

तो शब्द बसमध्ये माझ्याबरोबर आला. कार्यक्रमाचा दिवस येईपर्यंत मला एकाच गोष्टीची भीती वाटत होती, की ती विसरेल आणि सरांपुढं, पुण्याच्या बाईंपुढं मला नावानं हाक मारेल. आणि त्या भीतीची मला लाजही वाटत होती. अभ्यासात लक्ष लागेना. आभाराचा कागद मी चार वेळा नव्यानं लिहिला.

त्या दिवशी सकाळपासून मी नुसता आत-बाहेर करत होतो. बंगल्याच्या पुढच्या आणि मागच्या खोलीच्या मधे मोठी कमान आहे. तिथं वकिलांच्या झोपाळ्याचे दोन हूक होते. दुसरीकडं पडदा टांगायला जागाच नव्हती, म्हणून मी पांढरं कापड त्या हुकांना बांधलं. खिडक्यांवर घोंगड्या लावून अंधार केला. पुढच्या खोलीत खुर्च्या, खुर्च्यांच्या मागं मशीन आणि मशीनवाला.

दोनच्या पुढं माणसं यायला लागली. कॉलेजची मुलं, कोर्टातले कारकून, बाजारातले चार-पाच शेतकरी, आणि आमचे सातजण. मग आमच्या गावच्या बाया आल्या, रिकाम्या टोपल्या काखेत घेऊन. माय त्यांच्यात होती. तिनं माझ्याकडं अनोळखी माणसाकडं पाहावं तसं पाहिलं. खुर्च्यांवर बसलेले पुरुष पाहून त्या थबकल्या, आणि कुणी काही न सांगता व्हरांड्यातून वळून सरळ मागच्या खोलीत गेल्या. पडद्यापलीकडं खाली फरशीवर बसल्या.

मला यात काही वावगं दिसलं नाही. आमच्या गावात सरकारी प्रसिद्धी खात्याची सिनेमाची गाडी येते तेव्हा शाळेपुढं दोन बांबूंना कापड बांधतात. अलीकडून पुरुष पाहतात, पलीकडून बाया. कापड पातळ असतं, चित्र दोन्हीकडं उमटतं. लहानपणी मीही मायच्या मांडीवर बसून पलीकडूनच पाहिलं होतं.

सरांनी मात्र विचारलं, "त्या तिकडं का बसल्या?"

"त्यांना तिथं बरं वाटतं, सर."

"बरं असू दे," सर म्हणाले. खोली भरली होती म्हणून ते खुशीत होते.

फिल्म वीसेक मिनिटांची होती. निवेदन इंग्रजीत. एक म्हातारी बाई गेरूनं सारवलेल्या भिंतीवर काडीनं पांढऱ्या रेघा ओढते, आधी झाड, मग माणसं, मग सगळी मिरवणूक. मी फिल्म पाहिलीच नाही म्हणायला हरकत नाही. कागद घडी करून खिशात ठेवत होतो, काढत होतो.

दिवे लागल्यावर पुण्याच्या बाई उभ्या राहिल्या. "मी बोलण्याआधी तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "काय दिसलं तुम्हाला? कुणीही बोला. पडद्यामागच्या ताईंनीसुद्धा."

हेडमास्तर आज जागे होते. ते रेषेच्या लयीविषयी बोलले. मग खाली बसले. तेवढ्यात पडद्यामागून कुणी तरी खाकरलं आणि ते खाकरणं मी ओळखलं.

"ते बाई डावरी हाय," मायचा आवाज आला. "डाव्या हातानं काढते समदं. तरी रेघ कशी सुदी सरळ येते."

पुढच्या खोलीत हशा पिकला. एक वकील खुर्चीतच वळून म्हणाले, "अहो बाई, ती उजव्या हातानं काढत होती! आम्ही इतकेजण बसलोय समोर."

"नाई बाप्पा. डावाच हात व्हता. म्या डोयानं पाह्यलं."

आणखी हसले. कुणी तरी म्हणालं, "यांना डावं-उजवं कळत नाही, आणि यांना चित्रकला दाखवताहेत." शिपाई माझ्या शेजारी उभा होता. त्यानं कोपरानं ढोसलं. "बोल ना बे. तुयाच गावची हाय ना ते?"

ती का बोलली हे मला माहीत होतं. माय स्वतः डावरी आहे. लहानपणी तिच्या बापानं तिचा डावा हात बांधून ठेवला होता म्हणतात. लग्न होऊन आली तेव्हा आजीनं बजावलं की वाढायचं उजव्यानंच. अजूनही पंगतीत वाढताना तिचा हात कापतो आणि वरण सांडतं. शेतात मात्र ती डाव्यानं कापते. बाजारातला विळा तिला चालत नाही, त्याची धार उजव्या हाताच्या बाजूनं लावलेली असते. लोहाराला सांगून तिनं उलट्या धारेचा विळा करून घेतला, तर गावातल्या बाया त्या विळ्यालाही हसायच्या. आणि आज तिनं एक बाई पाहिली होती, जिची फिल्म काढली होती, जिला पुण्याच्या लोकांनी डोक्यावर घेतलं होतं, आणि जी डावरी होती.

मी बोललो नाही तर माय मूर्ख ठरत होती. आणि बोललो तर ती बाई डावरी राहणार नव्हती.

मी बोललो. वाक्य मनात म्हणून पाहायला वेळ मिळाला नाही. "त्या बाया खोटं नाही बोलत. त्या मागं बसल्या आहेत. मागून उलटं दिसते. उजवा हात डावा दिसते." मग सरांकडं पाहून, "दिसतो," म्हणालो.

पुण्याच्या बाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं. मशीनवाल्याला म्हणाल्या, "पुन्हा लावा." तो कुरकुरत रीळ उलटं गुंडाळायला लागला. बाई पदर खोचून व्हरांड्यातून मागच्या खोलीत गेल्या आणि बायांच्यात फरशीवर बसल्या. मी कमानीच्या कडेला होतो, तिथून मला दोन्हीकडचं दिसत होतं. अर्धी फिल्म होईपर्यंत बाई हलल्या नाहीत. मग पुढं आल्या.

"इतक्या गावांत ही फिल्म दाखवली," त्या म्हणाल्या, "पण मागं जाऊन कधी बसले नव्हते. तिकडं ती डावखुरीच आहे. आणि खरं सांगू? तिचा हात कोणता हे मी याआधी पाहिलंच नव्हतं. त्या ताईंनी पाहिलं."

वकील म्हणाले, "बरोबर आहे, बरोबर आहे." सगळ्यांना बरं वाटलं. मला वाटलं नाही. पडद्याच्या फटीतून मला माय दिसत होती. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते. आणि मी इतक्या लोकांपुढं तिला "त्या बाया" म्हणालो होतो. तिनं तर सांगितल्याप्रमाणं मला हाकही मारली नव्हती. लोक हसत होते तेव्हासुद्धा नाही.

बाईंचं भाषण बराच वेळ चाललं. त्यातलं मला काही आठवत नाही. सरांनी माझ्याकडं मान हलवली आणि मी पुढं गेलो. कागद काढला. पाहुण्यांचे आभार मानले, सरांचे मानले, मशीनवाल्याचे मानले. कागद संपला. लोक उठायच्या बेतात होते. मी तसाच उभा होतो. सर हलक्या आवाजात म्हणाले, "झालं ना?"

"नाही," मी म्हणालो. "पडद्यामागून ज्या बोलल्या ना, ते माझी माय आहे. ते स्वतः डावरी आहे. म्हणून तिले हात दिसला. मी तिले सांगतलं होतं की इथं मले हाक मारू नको. ते चुकलं माझं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हसलंही नाही. हेडमास्तर खुर्ची सरकवून उभे राहिले. सर जमिनीकडं पाहत होते. मी पडद्याकडं पाहिलं. पलीकडून काही आवाज नाही. शिपायानं कापडाची कड उचलली. मागची खोली रिकामी होती. त्यांच्या गाडीची वेळ झाली होती, त्या व्हरांड्यातूनच निघून गेल्या होत्या.

मी स्टँडवर धावत गेलो. गाडी लागलेली होती. माय खिडकीशी बसली होती, मांडीवर टोपली. मी खाली उभा राहिलो. मला धाप लागली होती.

"काऊन रे? काम नाही का तुले?" ती म्हणाली.

"माय, मी सांगतलं तिथं. तू माझी माय आहे म्हणून. भाषणात सांगतलं. तू ऐकलंच नाही."

ती घाबरली. "समद्यायसमोर? पागल झाला का तू? तुया साहेब काही म्हनलं तं? काढून टाकलं तं?"

"नाही काढत."

ती माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. शेजारच्या बाईनं वाकून विचारलं, "कोन हाय व हे?"

"माया पोरगा," माय म्हणाली. गाडीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. मग माझ्याकडं वळून, आवाज उतरवून, "ते बाई मंग खरंच उजवी हाय का रे?"

मी खोटं बोलणार होतो. माझ्यानं झालं नाही. "हाव," म्हणालो. "पुढून पाह्यलं तं उजवी. पुढच्या खेपेले तू पुढं बस. खुर्चीवर. मी जागा धरून ठेवतो."

कंडक्टरनं घंटी वाजवली.

"नाई," ती म्हणाली. "मी मांगंच बसीन. मले ते डावरीच पाहाची हाय."

गाडी हलली. मी थोडा वेळ तिथंच उभा राहिलो. संग्रहालयात खिडक्यांवरच्या घोंगड्या अजून काढायच्या होत्या, आणि सर बहुधा माझी वाट पाहत असतील असं वाटत होतं. ते काय म्हणतील ते मला माहीत नव्हतं. मी आधी भरभर निघालो, मग सावकाश चालायला लागलो.